चहातला च, चाकातला च

नाशिक, 18 जानेवारी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्याच्याने हे रशियन होणार नाही. पाठ करते, पास होते आणि सोडून देते." तुझा गळा दाटून आला होता म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पास तू होशीलच, त्याची काळजी नाही. पण दोन वर्षांनी डॉक्टरकी शिकताना वॉर्डात उभी राहशील तेव्हा पोट धरून बसलेली तुझ्या काझानची म्हातारी काही तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाही.

तू पाठवलेला वहीचा फोटो मी मोठा करून करून पाहिला. प्रत्येक रशियन शब्दापुढे इंग्रजी अर्थ, नियम इंग्रजीत, विभक्त्यांची नावंसुद्धा इंग्रजीत. अगं, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलीस ना तू? घरात किल्ली असताना शेजाऱ्याच्या खिडकीतून कशाला चढतेस? मीही 1984 साली पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेट कोर्सला बसले तेव्हा हेच केलं होतं आणि सहा महिने वाया घालवले होते.

अक्षरांचं फार मनावर घेऊ नकोस. एकूण 33. त्रास होतो तो इंग्रजी तोंडवळ्याच्या अक्षरांचा, कारण डोळा आधी इंग्रजी वाचतो. इंग्रजी पी दिसतो तो त्यांचा र, एच दिसतो तो न, सी दिसतो तो स, बी दिसतो तो व. म्हणून तर 'रिस्तरान'ची पाटी नवखी माणसं 'पेक्टोपाह' अशी वाचतात. हे दोन आठवड्यांत जातं. तुझ्या काझानात आणखी एक भानगड आहे, रशियातल्या तातारस्तानची राजधानी ना ती. पाट्यांवर रशियनसोबत तातार भाषाही असते आणि तिच्यात त्या 33 बाहेरची सहा अक्षरं आहेत. तेव्हा एखादं अक्षर ओळखू आलं नाही तर स्वतःला बोल लावू नकोस, ते रशियन नसेलच. (तातारमध्ये आभार मानताना 'रेख्मेत' म्हणतात. आपल्या ओळखीच्या 'रहमत'चंच भावंड. दुकानदार आजीला म्हणून बघ.)

खरी अडचण हस्ताक्षराची येईल. छापील आणि लिहायचं वळण यांचा एकमेकांशी संबंध नसल्यासारखा. हाताने लिहिलेला त इंग्रजी एमसारखा, द जीसारखा, प एनसारखा, इ यूसारखा. आणि डॉक्टरांचं अक्षर इथून तिथून सारखंच. केसपेपरला तिथे 'इस्तोरिया बल्येज़्नि' म्हणतात, आजाराची गोष्ट. ती गोष्ट वाचायची असेल तर आत्तापासून रोज अर्धं पान हाताने लिही, मोबाईलवर टाइप करू नकोस.

आता उच्चार. तुझ्याबरोबरच्या हिंदी बोलणाऱ्या मुली एका अक्षराशी झगडत असतील, ते तुला जन्मतः येतं. आपल्याकडे च दोन आहेत की नाही? चहातला एक आणि चाकातला एक. 'चार' म्हण आणि मग गुरांचा 'चारा' म्हण. जीभ कुठे लागते बघ. रशियनमध्ये या दोघांना वेगवेगळी अक्षरं आहेत, एवढंच. 'चाय' चहातल्या च ने आणि 'बल्नीत्सा', म्हणजे तुझं हॉस्पिटल, त्याच्या शेवटी चाकातला च. मी त्स लिहिलाय, पण तू तो चाकातला म्हण. तसाच श. शेंगेतला श जरा लांबवला की बोर्शमधला (ते बिटाचं सूप) शेवटचा श झाला, आणि दुसरा आपला पोटफोड्या ष. लिहिताना आपण तो पाळतो, बोलताना गिळतो. तिथे गिळून चालणार नाही, जीभ वळव.

मृदू व्यंजनं मात्र आपल्याकडे तशी नाहीत. 'ब्रात' म्हणजे भाऊ. हाच शेवटचा त मऊ केला, म्हणजे 'त्य' म्हणायला निघाल्यासारखं करून य च्या आधीच थांबलं, की त्याचा अर्थ होतो घेणं. आरशासमोर करायची गोष्ट आहे ही, पुस्तकातून येत नाही.

आणि आघात, म्हणजे शब्दातला जोर! तो कुठल्या अक्षरावर पडेल याला धड नियम नाही आणि छापील मजकुरात तो दाखवतही नाहीत. आघात नसलेला ओ आ कडे झुकतो, म्हणून लिहायचं 'मोलोको' आणि दूध मागताना म्हणायचं 'मलको'. मी ओझरच्या विमान कारखान्यात कागदपत्रांच्या भाषांतराला लागले तेव्हाची गोष्ट. मिग विमानांच्या कामासाठी सोव्हिएत इंजिनिअर आलेले असायचे. एकदा कँटीनमध्ये चहा झाल्यावर मी ऐटीत म्हणाले, "सिवोद्न्या या प्लाचु." मला म्हणायचं होतं, आज पैसे मी देते. समोरच्या गृहस्थांनी खिशातून घडीचा रुमाल काढून माझ्यापुढे धरला. 'प्लचू' म्हणजे पैसे देते, 'प्लाचु' म्हणजे रडते! त्यानंतर नवा शब्द मी आघाताची रेघ मारल्याशिवाय वहीत उतरवला नाही. तुझ्या वहीत एकही रेघ नाही, हे मला फोटोत दिसलं.

आता तू ज्याला घाबरलीस त्या विभक्त्या. सहा आहेत त्यांच्याकडे, आणि आपण संबोधन धरून आठ घोकल्या. इंग्रजी माणसाला भावाला, भावाचा, भावाने ही कल्पनाच नवी असते. तुला ती श्वासाइतकी सवयीची आहे. पेनाने लिहिते, 'पिशू रूच्कय'. आपला 'ने' तोच त्यांचा 'अय', मधे कुठलं अव्यय नाही. भावाला म्हणजे 'ब्रातु', चतुर्थी. तुझ्या वहीत लाल शाईत लिहिलंय, सजीव पुल्लिंगी नामाची द्वितीया बदलते, निर्जीवाची बदलत नाही, आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. मनू, तू "टेबल बघितलं" म्हणतेस की "टेबलाला बघितलं"? आणि "भाऊ बघितला" म्हणतेस की "भावाला बघितलं"? 'या वीझू स्तोल', टेबल दिसतंय, शब्द जसाच्या तसा. 'या वीझू ब्राता', भाऊ आला की शब्द बदलला. पुसून टाक ती प्रश्नचिन्हं.

मधला स्वर पळतो म्हणूनही रडत होतीस. वडील 'अत्येत्स', पण वडिलांचा म्हणताना 'अत्सा', त्यातला ए गेला कुठे? कापसाचा म्हणताना कापूसमधला ऊ जातो तिथेच. बेडूक, बेडकाला. उंदीर, उंदराला. आपण कधी विचारलं का?

लिंगं तीन, 'ओन, अना, अनो', तो, ती, ते. त्यांची तर सोपी आहेत, बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरून कळतात. रशियन माणसाला तू कुठल्या तोंडाने समजावशील की दगड तो, वीट ती आणि ढेकूळ ते? भूतकाळात मुलगा 'या पशोल' म्हणेल आणि तू 'या पश्ला', जसं आपल्याकडे मी गेलो, मी गेले.

आणि माझ्या सगळ्यात आवडीचं. 'म्न्ये खोलद्ना' म्हणजे मला थंडी वाजतेय. 'म्न्ये' म्हणजे मला. 'म्न्ये स्कूच्ना', मला कंटाळा आलाय. 'म्न्ये न्रावित्सा', मला आवडतं. वयसुद्धा 'मला'नेच सांगतात. थंडी, कंटाळा, आवड हे सगळं आपण करत नाही, ते आपल्याला होतं, हे त्यांनाही आपल्यासारखंच वाटतं. इंग्रजीतून गेलीस तर दर वेळी 'मी'पासून सुरुवात करून मग अडशील.

क्रियापदांच्या जोड्यांना (एक चालू क्रियेला, एक पुरी झालेल्या क्रियेला) मराठीचा निम्माच आधार आहे, हे कबूल करते. 'चितात्' म्हणजे वाचणं, 'प्रचितात्' म्हणजे वाचून काढणं, इतपत जुळतं. पण तुला ते रोज लागणार आहे. पेशंट 'प्रिनिमाल' म्हणाला तर औषध घेत होता, 'प्रीन्यल' म्हणाला तर घेतलं, झालं. आणि 'जाणे' या एका शब्दावर आपलं भागतं तिथे त्यांना पायी की वाहनाने, एकदाच की नेहमी, यावर वेगळी क्रियापदं. इथे मराठी उपयोगी नाही. घोकंपट्टीच कर.

डॉक्टरकीचे शब्द ओळखीचे वाटले की जास्त सावध राहा. 'अंगीना' इंग्रजी अँजायनासारखं वाटतं, पण तिथे म्हणजे घसा आणि टॉन्सिलचा संसर्ग. अँजायनाच्या, म्हणजे हृदयामुळे होणाऱ्या छातीच्या दुखण्याला 'स्तिनकार्दिया' म्हणतात. घसा धरलेल्या माणसाचा ईसीजी काढशील! 'इन्सूल्त' हा अपमान नव्हे, पक्षाघात. पोटाला 'झिवोत' म्हणतात आणि जुन्या भाषेत त्याचाच अर्थ जीव, जीवन. पोट हाच जीव, हे तर आपली आजीसुद्धा म्हणेल.

सरांना नुसतं आडनावाने हाक मारत नाहीस ना? नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, दोन्ही घ्यायची, आणि 'व्वी' म्हणायचं, तुम्ही. आपल्याकडे वडिलांचं नाव फॉर्मपुरतं, तिथे ते तोंडात असतं. बाईचं लग्न झालं तरी वडिलांचंच राहतं, बदलत नाही. हे मला तेव्हाही फार बरं वाटलं होतं.

नवी वही घे. डावीकडे रशियन, उजवीकडे मराठी. जुनी फेकू नकोस, आघाताच्या रेघा मारायला लागेल.

बाबा रोज सकाळी काझानचं हवामान बघतात आणि मला वाचून दाखवतात. त्यापेक्षा तूच कळवत जा, आकड्यात नको, रशियन शब्दांत लिहून. अंशाला, एक असेल तर 'ग्रादुस', दोन ते चारला 'ग्रादुसा', पाचपासून 'ग्रादुसव', आणि एकवीसला पुन्हा 'ग्रादुस'. कानटोपी घालून मग खिडकीतून थर्मामीटर बघ. चुका मी लाल शाईने काढून परत पाठवीन.

तुझी
आई