गाडी बंद पडली तर पडू दे, आई

बंगळूर, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा फोनवर "या वयात गाडी शिकणं नाही गं जमणार" म्हणालीस आणि लगेच भाजीचे भाव सांगायला लागलीस. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. पुन्हा झालं तर क्लच आणि ब्रेक पूर्ण दाब, न्यूट्रल कर, चावी फिरव, मग पहिला गिअर टाक. तेवढा वेळ मागचा थांबतो. त्याला थांबावंच लागतं.

तुझं अडतंय ते हाफ क्लचला, म्हणजे क्लच अर्धा सोडून धरण्याला, आणि त्यात तुझा दोष नाही. शिकवायच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो. ते मदत म्हणून दाबतात आणि आपल्याला वाटतं, आपणच दाबला. माझेही पहिले दहा दिवस असेच गेले. आपल्या गाडीत बसले तेव्हा कळलं की पायाला काहीच येत नाही. म्हणून सरांना स्पष्ट सांग, अर्धा तास पाय बाजूला ठेवा. सकाळी लवकर, सपाट रिकाम्या रस्त्यावर, अ‍ॅक्सिलरेटरला न शिवता क्लच सावकाश सोडत जा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीला बारीक थरथर येते. तिथे पाय रोखून धर. गाडी आपणहून चालायला लागेल. हेच वीस-तीस वेळा कर. ती जागा पायाला सापडली की चढाची भीती उरत नाही: हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, थरथर आली की मगच हँडब्रेक सोडायचा. टेस्टलाही चढावर थांबवून निघायला लावतात. उतारावर मात्र न्यूट्रल कधीच नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना अवजड गाड्यांचे कसे अपघात होतात, ते तू पेपरात वाचतेसच.

सीट अजून पुढे घे. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पायात सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल घाल.

वयाचं म्हणशील तर चाळिशीनंतर लागणारं डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊनच तू लर्निंग लायसन्स काढलंस. हे लायसन्स सहा महिने चालतं. महिन्यानंतर टेस्ट देता येते, म्हणून महिन्यालाच द्यायला हवी असं कुठे आहे?

आणि आई, मला मागे बसवून, हँडलला पिशव्या अडकवून तू मंडईतून लूना काढायचीस. रिक्षा कुठे अचानक थांबणार, पीएमटीची बस कुठून अंगावर येणार, हे तुला आधीच कळायचं. पुण्याचा रस्ता तुला तेव्हापासून येतो. आता फक्त पायांना नवं काम शिकायचंय. पेठांत मात्र इतक्यात गाडी नेऊ नकोस. अरुंद गल्ल्या, त्यात सम-विषम तारखांचं पार्किंग. तिकडे रिक्षाच बरी.

बाबा, आता तुम्हाला. काचबिंदूमुळे कडेचं दिसेनासं झालं, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तेव्हा तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पण अजून दर रविवारी गाडी पुसता, हे वहिनीने सांगितलं. मला त्या दिवशी काम सुचलं नाही.

मला शिकवताना तुम्ही "ब्रेक! ब्रेक!" ओरडायचात आणि माझा पाय भलतीकडेच जायचा. आईच्या बाबतीत तेवढं नको. शेजारी वहिनी बसेल, तिच्याकडे लायसन्स आहे. तुम्ही मागे बसा, आणि सांगायचं ते गाडी थांबल्यावर सांगा.

एक काम मात्र तुम्हीच करू शकता. रात्री जेवणानंतर दोघं खाली पार्किंगमध्ये जा. गाडी बंदच ठेवा, हँडब्रेक ओढलेला. तुम्ही म्हणायचं "दुसरा", "तिसरा", "पुन्हा दुसरा". आईने क्लच दाबून, खाली न बघता गिअर टाकायचा. रोज दहा मिनिटं. तुमचा हात त्या गिअरवर इतकी वर्षं होता, तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळेल बरोबर पडला की नाही.

दिवाळीत मी येतेय. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीला आपण सगळे गाडीने जाऊ. आई, चावी तुझ्याकडे. मी बाबांबरोबर मागे बसेन, वहिनीला पुढे बसायला सांगू.

तुमची,
धाकटी