आत्याचा आजारही अर्जात नोंदवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यात नुकत्याच झालेल्या स्तन-कर्करोग तपासणी शिबिरात मी नावनोंदणीला मदत करीत होते. आई, बहीण किंवा मावशीला हा आजार झाला होता का, एवढेच अर्जात विचारले होते. पारोळ्याकडच्या एका तरुणीने, "माझी आत्या पस्तिशीतच याने गेली, वडिलांच्या आईलाही अंडाशयाची गाठ होती," असे सांगितले; पण ते लिहायला अर्जात रकानाच नव्हता.

ही उणीव किरकोळ नाही. स्तनांच्या व अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाशी निगडित असलेले बीआरसीए-१ हे जनुक १७व्या आणि बीआरसीए-२ हे १३व्या गुणसूत्रावर असते, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नव्हे; त्यामुळे त्यांतील दोष आईइतकाच वडिलांकडूनही येतो. दोष असलेले वडील स्वतः धडधाकट असले तरी तो मुलीत उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

ही जनुके मुळात कर्करोग रोखणारी आहेत. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की त्यांच्यापासून बनणारी प्रथिने अखंड प्रतीवरून तो भाग हुबेहूब जुळवून घेण्यास मदत करतात. अशा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतः सदोष असली तरी दुसरी हे काम निभावते. मात्र स्तनातील एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की दुरुस्ती कशीबशी उरकली जाते, चुका साचत जातात, आणि बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मरायला लावणारे पी-५३ हे जनुकच त्यात नादुरुस्त झाले, तर पेशीच्या वाढीला आवर राहत नाही. याच दुबळेपणाचा फायदा घेऊन ओलापरिबसारखे औषध दुरुस्तीची उरलीसुरली वाटही अडवते आणि कर्करोगाच्या पेशी मरतात. म्हणून आजार झाल्यावरही हा दोष कळणे मोलाचे ठरते.

स्तनांचे ५ ते १० टक्केच कर्करोग आनुवंशिक असतात, तेव्हा प्रत्येकीने धास्तावून जनुक-चाचणी करण्याचे कारण नाही. परंतु ज्या स्त्रीत हा दोष आहे, तिला ८०व्या वर्षापर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ७० टक्के असतो. मुलीची सोयरीक अडेल या भीतीने आपल्याकडे असे आजार घरातच दडपले जातात, हे मला फार सलते. निदान विचारणाऱ्याने तरी नेमके विचारावे.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील शिबिरांच्या अर्जांत आत्या, वडिलांची आई आणि चुलत बहिणी यांचे स्तनांचे व अंडाशयाचे कर्करोग, तसेच आजार झाला तेव्हाचे वय, यांसाठी रकाने असावेत, ही आरोग्य विभागाला विनंती आपल्या दैनिकातून पोहोचावी.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, अमळनेर