सी कोडमधील चूक कंपाइल होतानाच अडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना ‘असर्ट’ मॅक्रो, म्हणजे अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी, सांगितला जातो आणि बहुतेकदा विषय तिथेच संपतो. हा असर्ट प्रोग्रॅम चालू असताना तपासतो, तेही त्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोहोचला तरच. ही तपासणी बंद करणारे ‘एनडीबग’ हे नाव डिफाइन केले की तो नाहीसाच होतो. वीजमीटर किंवा गाडीतल्या कंट्रोलरवर चालणाऱ्या कोडला एवढे पुरत नाही. जे कंपायलरला (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) आधीच ठाऊक असते, ते कंपाइल होतानाच तपासले पाहिजे, आणि ही सवय महाविद्यालयातल्या प्रॅक्टिकलपासूनच लागली पाहिजे.

समजा, एका स्ट्रक्चरमध्ये (एकत्र बांधलेल्या फील्डच्या गटात) एक बाइटची स्थिती, चार बाइटचे रीडिंग आणि चूक पकडण्यासाठीचा दोन बाइटचा चेकसम आहे. बेरीज ७. नेहमीच्या ३२-बिट कंपायलरवर बाइटमध्ये आकार देणारा साइजऑफ १२ सांगतो, कारण रीडिंग चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसवण्यासाठी मध्ये तीन आणि शेवटी दोन रिकामे बाइट भरले जातात. आठ-बिट एव्हीआर चिपवर तेच स्ट्रक्चर ७ बाइटचे होते. हे एका चिपवरून दुसरीकडे जसेच्या तसे पाठवले की रीडिंग चुकते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. स्ट्रक्चरच्या लगेच खाली ‘स्टॅटिक_असर्ट’, म्हणजे कंपाइल होतानाच अट तपासणारा असर्ट, लिहून साइजऑफ अपेक्षित आकड्याशी ताडला, तर आकडा चुकल्यावर बिल्डच (प्रोग्रॅम तयार होणेच) थांबतो. चिपवर यासाठी एक बाइटही खर्च होत नाही.

नुसता साइजऑफ मात्र पुरेसा नाही. सारख्या आकाराच्या दोन फील्डची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या फील्डसाठी ‘ऑफसेटऑफ’ही (फील्ड स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते) तपासावा. असर्टसोबतच्या संदेशात ‘आकार चुकला’ एवढेच न लिहिता पुढे काय करायचे ते लिहावे: ‘फ्रेम बदलली, प्रोटोकॉलची आवृत्ती वाढवा’.

स्टॅटिक_असर्टची ही सोय सीच्या सी११ या आवृत्तीपासून भाषेतच आहे. मूळ कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द) अंडरस्कोरने सुरू होतो, ‘असर्ट.एच’ घेतले की सुटसुटीत नाव मिळते. सी२३ मध्ये ते नावच कीवर्ड झाले आणि संदेश ऐच्छिक झाला. जुन्या कंपायलरवर अट खोटी असेल तर उणे आकाराचा ॲरे जाहीर करण्याची युक्ती वापरतात, पण ती फंक्शनच्या आत धोक्याची आहे. अट स्थिर नसेल तर सी९९ नंतरचा कंपायलर तो बदलत्या लांबीचा ॲरे समजतो आणि तपासणी गुपचूप निसटते. ती फंक्शनबाहेर, ‘एक्स्टर्न’ ॲरे म्हणून लिहावी. लिनक्स कर्नलमधला ‘बिल्ड_बग_ऑन’ उलट दिशेने चालतो, अट खरी ठरली की बिल्ड मोडतो. एकाच फाइलमध्ये दोन्ही असले की नवखे इथे हमखास चुकतात.

कंपाइलच्या आधी चालणाऱ्या प्रीप्रोसेसरच्या ‘#इफ’ने हे काम होत नाही. प्रीप्रोसेसरला साइजऑफ कळत नाही म्हणून तो एरर देतो, हे तरी बरे. इनममधले (क्रमांकांना नावे देणाऱ्या यादीतले) नाव दिले तर तो ते शून्य मानून मुकाट पुढे जातो, आणि हे जास्त घातक.

इनम आणि त्याच्या नावांचा तक्ता जुळतो का, हेही असेच तपासता येते. इनमच्या शेवटी मोजणीचे एक नाव ठेवा आणि तक्त्यातल्या घटकांची संख्या त्याच्याशी ताडा. फक्त तक्त्याच्या कंसात आकार लिहू नका. तिथे मोजणीचेच नाव लिहिले तर राहिलेल्या जागा नलने (रिकाम्या मूल्याने) भरतात आणि तपासणी नेहमीच उत्तीर्ण होते.

मर्यादाही शिकवायला हव्यात. सी११ मध्ये ‘कॉन्स्ट इंट’ व्हेरिएबल ही स्थिर अट धरली जात नाही, सी++ मध्ये चालते. बिटफील्डवर (मोजक्या बिटांच्या फील्डवर) ऑफसेटऑफ लावता येत नाही. सेन्सरकडून आलेल्या मूल्यासाठी रनटाइमची तपासणीच हवी.

प्रयोगशाळेत यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. लिनक्सच्या ६४-बिट संगणकावर जीसीसी हा कंपायलर आणि त्याचे, ३२-बिटसाठीही कंपाइल करू देणारे, मल्टिलिब पॅकेज असले की झाले. स्ट्रक्चरमध्ये आधी ३२-बिट आणि मग ६४-बिट पूर्णांक ठेवावा, साइजऑफ १६ असल्याचे असर्ट लिहावे आणि कंपाइल करावे. मग तीच फाइल ३२-बिटसाठीचा ‘-एम३२’ पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करावी. आकार १२ निघतो आणि एरर त्याच ओळीवर येते.

— एक एम्बेडेड सॉफ्टवेअर अभियंता, पुणे