सोनोग्राफी नसलेल्या ठिकाणाहून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. सोनोग्राफी नाही, रक्ततपासण्या नावापुरत्या, मोठं रुग्णालय तीन तासांवर. मग निदान करायचं तरी कशाच्या जिवावर, असं विचारलंयस. पहिल्या महिन्यात माझंही हेच रडगाणं होतं. उत्तर म्हणून माझी एक चूक सांगतो.

रात्री अकराच्या सुमारास एक तरुण बाई आली. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या, उठताना चक्कर येऊन पडली. बीपी 100/70, नाडी 118, पोट मऊ. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालंय असं मी ठरवून टाकलं, सलाईन लावलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. एकदा असं ठरवलं ना, की पुढचं सगळं त्यातच बसायला लागतं. नाडी जोरात? पाणी कमी. चेहरा पांढरा? पाणी कमी.

पाऊण तासाने सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांना आडवं होता येत नाहीये. झोपलं की खांद्यात कळ येते म्हणतात."

दुखणं पोटाचं आणि कळ खांद्यात! पोटात रक्त साचून श्वासपटलाला लागलं की असं होतं, कारण तिथली नस मानेतून निघते आणि खांद्याची संवेदनाही त्याच पातळीवर पोचते. परीक्षेत यावर पानभर लिहून आलो होतो मी. पाळी कधी आली होती, हे मात्र विचारलंच नव्हतं. विचारलं, तर शेवटची पाळी येऊन सात आठवडे झालेले. लघवीची गर्भचाचणी पॉझिटिव्ह. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत वाढून ती नलिका फुटलीय असंच धरून चालायचं होतं. त्यासाठी सोनोग्राफीची वाट बघायची गरज नव्हती.

आणि आकडे तर पहिल्याच मिनिटाला समोर होते. नाडीला वरच्या बीपीने भाग. एरवी उत्तर 0.5 ते 0.7 च्या आसपास येतं. 1 च्या वर गेलं की रक्त कुठे जातंय ते शोधायचं. तिचं 1.18 होतं. तरुण शरीर जवळजवळ 30 टक्के रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम कोसळतं. 100/70 बघून मी निश्चिंत झालो होतो!

तेव्हापासून पेशंटला एकदा तपासून मी मोकळा होत नाही. सलाईन लावून अर्ध्या तासाने परत जातो, काय बदललं ते बघतो. आपल्याकडे यंत्र नसलं तरी वेळ ही तपासणीच आहे. ईसीजीचंही तेच. छातीत दुखणाऱ्याचा पहिला कागद नॉर्मल निघाला तरी त्याला घरी पाठवू नकोस. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढ.

श्वास स्वतः मोज, पूर्ण एक मिनिट. चार्टवर सगळ्यांचाच 18 किंवा 20 लिहिलेला असतो, जिवंत माणसं एवढी एकसारखी श्वास घेत नाहीत. पोटदुखी-उलट्यांचं मूल खोल, भराभर श्वास घेतंय आणि छाती मात्र स्वच्छ आहे, तर सर्जनला फोन करण्याआधी बोटातून रक्तातली साखर बघ, मधुमेहात साखर फार वाढली की असंच दिसतं. बेशुद्ध माणसाचीही साखर आधी, तर्क नंतर.

फोनवरचं एक सांगायचं राहिलं. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत बसू नकोस. मी त्या रात्री पहिल्याच वाक्यात म्हणालो, "पोटात रक्तस्राव असलेली बाई पाठवतोय, थिएटर तयार ठेवा." दोन जाड सुया लावल्या, सिस्टर सोबत गेल्या, ॲम्ब्युलन्स निघाली. मी बाकीची रात्र फोनकडे बघत काढली.

दहा दिवसांनी ती टाके काढायला आमच्याकडेच आली. "मला नक्की काय झालं होतं?" म्हणाली. मी सांगितलं, माझ्या पाऊण तासासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या सिस्टर आज ड्युटीवर आहेत का?"

रुजू झालास की सविस्तर लिही.

तुझा,
जुना रूममेट