काही घडले नाही, हे कळवणाऱ्या फोनबद्दल

माननीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये अशी इच्छा आपण व्यक्त केलीत आणि ती मी पाळतो आहे. चारचौघांत आभार मानण्याची परवानगी मात्र आपण नाकारली नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो. स्वतंत्र रेकॉर्ड लेबलांच्या, म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेर राहून संगीत मुद्रित करून प्रकाशित करणाऱ्यांच्या, संघटनेत सभासदांच्या तक्रारी पाहणाऱ्या व्यक्तीचे नाव पुरस्कार सोहळ्यात पुकारले जात नाही आणि वार्षिक अहवालातही तिच्या कामाला फारशी जागा मिळत नाही. आमची ध्वनिमुद्रणे पुन्हा आमच्या नावावर आली, अडकलेली रॉयल्टी सुटली आणि ती ज्यांची होती त्यांच्या हाती पडली, हे ज्यांना कळले त्यांनी माझे अभिनंदन केले. ते अभिनंदन चुकीच्या पत्त्यावर आले होते.

या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी घडलेले थोडक्यात सांगतो. एका वयोवृद्ध वादकाचा अल्बम आमच्या छोट्या लेबलने काढला होता. त्यातली काही मुद्रणे एका संकलनात वापरण्याची परवानगी आम्ही ठरावीक मुदतीसाठी दिली होती. मुदत संपली, संकलनही बाजारातून गेले. पण ते काढणाऱ्या कंपनीचा कॅटलॉग, म्हणजे तिच्याकडच्या मुद्रणांचा सगळा संग्रह, पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला आणि नव्या मालकांनी त्यातले सगळेच आपले म्हणून नोंदवून टाकले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो मुद्रणाची ओळख सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. एकाच मुद्रणाला दोन कंपन्यांनी दोन निरनिराळे क्रमांक दिले, तर आवाज जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेला दोन्हीकडे एकच वादन आहे एवढेच कळते. ते मुळात कोणी केले, कोणी पैसे घालून मुद्रित केले आणि कोणाला फक्त काही काळ वापरायला दिले होते, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. आमचा मूळ अल्बम नक्कल ठरवून ऑनलाइन संगीत सेवांवरून उतरवण्यात आला आणि त्यावरची रक्कम वाद मिटेपर्यंत गोठवण्यात आली.

करार, पत्रव्यवहार, मुद्रणाच्या मूळ फायली, वादकाच्या सहीचे संमतिपत्र, सर्व काही आमच्यापाशी होते. कमी होती ती हे कागद उघडून पाहणाऱ्या एका माणसाची. ज्या वितरकामार्फत आमचे संगीत या सेवांपर्यंत जात होते आणि जो प्रत्येक हिशेबातून आपला हिस्सा न चुकता कापून घेत होता, त्याच्याकडून येणाऱ्या प्रत्येक उत्तरात आमची तक्रार त्यांना फार महत्त्वाची वाटते असे लिहिलेले असे, आणि पुढच्या उत्तरात तीच कागदपत्रे पुन्हा मागितलेली असत. नंतर तेवढेही येईनासे झाले. मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या एका परिचिताने सांगितले की त्यांच्याकडे असा घोटाळा झाला तर ते सेवेतल्या ठरलेल्या व्यक्तीला फोन करतात आणि काम होते. आम्हाला त्या व्यक्तीशी जोडून देणे मात्र त्याला अवघड वाटले. ज्या सल्लागाराकडे गेलो, त्याने आपली फी अडकलेल्या रकमेहून अधिक असल्याचे सांगून आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. या सर्वांपैकी कोणी स्पष्ट शब्दांत नकार दिला असता, तरी मी त्याचा मान राखला असता. नकार देण्यासाठीही समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि तेवढे कष्ट कोणी घेतले नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अशा प्रकरणात उशीर कोणाच्याही बाजूचा नसतो, असे लोक समजतात. तसे नसते. उतरवलेला अल्बम त्या काळात कोणाच्या यादीत जात नाही, कोणाला सुचवला जात नाही आणि हळूहळू ऐकणाऱ्यांच्या नजरेआड होतो. आमचे प्रकरण स्पॉटिफायवरचे नव्हते, तरी उदाहरण म्हणून तिथला नियम पाहावा: २०२४ पासून एखाद्या मुद्रणाला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम मिळाले नसतील, म्हणजे ते तेवढ्या वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याची रॉयल्टी धरली जात नाही. ज्याचे ऐकणारे मुळातच थोडे आहेत, त्याचे मुद्रण काही महिने बंद राहिले की ते अशा उंबरठ्याखाली घसरते. नंतर हक्क सिद्ध झाला तरी गेलेले ऐकणारे कोणी भरून देत नाही. मोठ्या लेबलला हा काळ जाणवतही नाही; आमच्यासारख्यांचे वर्ष त्यात जाते.

आपण प्रकरण हाती घेतल्यावर कोणाला लिहिलेत, कोणत्या बैठकीत हा विषय काढलात, कागदांची जुळवाजुळव कशी केलीत, याचा तपशील मी येथे देत नाही. त्यातला बराचसा मला नंतर कळला आणि काही अजूनही कळलेला नसेल. मला लिहायचे आहे ते एका फोनबद्दल.

शुक्रवारची संध्याकाळ होती. आपला आवाज ऐकल्यावर निकाल लागला असावा असेच मला वाटले. आपण म्हणालात, “आज आपल्या प्रकरणात काहीही घडलेले नाही. समोरून उत्तर आलेले नाही. सोमवारी सकाळी मी पुन्हा विचारणार आहे. शनिवार-रविवार आपण वाट पाहत राहू नये, एवढ्यासाठी फोन केला.” एवढेच बोलून, प्रकृतीची चौकशी करून आपण फोन ठेवलात.

महोदया, त्या मिनिटभराच्या बोलण्याने काय झाले हे आपल्याला कदाचित ठाऊक नसेल. त्याआधी मी रात्री-अपरात्री उठून ईमेल तपासत असे, कारण उत्तर कधी येईल याचा काहीच अंदाज नव्हता आणि आले तर त्याला तातडीने प्रत्युत्तर दिले नाही म्हणून प्रकरण बंद होईल, ही धास्ती होती. आपल्या फोनने ती धास्ती संपली, कारण सोमवारपर्यंत काही होणार नाही हे आता मला एका जबाबदार व्यक्तीकडून कळले होते. मी लगेच त्या वादकांना फोन लावला. ते अधूनमधून विचारत, फार हळुवारपणे विचारत, आणि दर वेळी त्यांना सांगायला माझ्यापाशी काही नसे; माझे गप्प राहणे त्यांना टाळाटाळ तर वाटत नसेल ना, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त छळत असे. त्या संध्याकाळी मी आपला निरोप जसाच्या तसा त्यांना दिला. “म्हणजे सोमवारी विचारणार आहेत. बरे झाले सांगितलेत,” असे म्हणून ते वाद्याच्या नव्या तारांबद्दल बोलू लागले. कित्येक महिन्यांनंतर आमच्या संभाषणात अडकलेल्या पैशांखेरीज दुसरे काही आले होते.

पुढे प्रत्येक शुक्रवारी आपला फोन येत राहिला. कधी सांगण्यासारखे थोडे असे, बहुतेक वेळा काहीच नसे, आणि काहीच नाही हे सांगण्यातही आपल्या आवाजात कंटाळा आला नाही.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. मला तर यापेक्षा अवघड सौजन्य दुसरे दिसत नाही. काम झाले की फोन करायला सर्वांनाच आवडते, कारण त्यात श्रेय असते. काम झालेले नाही हे आपण होऊन सांगायचे, म्हणजे आपल्या शब्दाला समोरच्याने अजून दाद दिलेली नाही हे मान्य करायचे, ऐकणाऱ्याची निराशा स्वतःच्या कानांनी ऐकून घ्यायची आणि तरीही पुढच्या आठवड्यात तोच क्रमांक पुन्हा फिरवायचा. ज्यांनी आम्हाला टाळले, त्यांच्यापाशी ज्ञान कमी नव्हते, ओळखीही आपल्यापेक्षा अधिक असतील. ताटकळणाऱ्या माणसाचा वेळही मोलाचा असतो, ही जाणीव मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

संघटना म्हणजे सोहळे, भाषणे आणि वर्गणी, असे म्हणणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांना मी आता या संघटनांचा इतिहास वाचायला सांगतो, कारण तो मुख्यतः दीर्घकाळ न थकता पाठपुरावा करण्याचा इतिहास आहे. युरोपातील स्वतंत्र लेबलांची इम्पाला ही संघटना २००० मध्ये स्थापन झाली. सोनी आणि बीएमजी या बड्या कंपन्यांच्या संगीत व्यवसायांच्या एकत्रीकरणाला युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मान्यता दिली, तेव्हा इम्पाला त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि जुलै २००६ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. तो निकाल २००८ मध्ये वरच्या न्यायालयाने बाजूला सारला, हेही खरे. पण अशा एकत्रीकरणाला मान्यता देताना लहानांचे म्हणणे नीट तपासावे लागते, हे त्या खटल्याने सर्वांच्या लक्षात आणून दिले. वॉर्नर या बड्या कंपनीने २०१३ मध्ये पार्लोफोन हे लेबल विकत घेतले, त्या वेळी स्वतंत्र लेबलांच्या बाजूने झालेल्या वाटाघाटींतून काही कॅटलॉग स्वतंत्र लेबलांकडे सोपवण्याचे ठरले, आणि रेडिओहेड या बँडचे जुने अल्बम एक्सएल या स्वतंत्र लेबलकडे आले ते २०१६ मध्ये. २०१३ ते २०१६ या काळात किती शुक्रवार काहीही न घडता गेले असतील, याची कल्पना मला आता करता येते.

सर्वांत अधिक मी ज्या घटनेचा विचार केला, ती ऑगस्ट २०११ मधली आहे. लंडनच्या दंगलीत एनफिल्ड येथील सोनीचे गोदाम जळाले आणि पीआयएएस या वितरकामार्फत तिथे ठेवलेला दीडशेहून अधिक स्वतंत्र लेबलांचा माल, सीडी आणि रेकॉर्डसकट, एका रात्रीत गेला. अनेकांचा सर्व साठा तेवढाच होता. ब्रिटनमधील स्वतंत्र लेबलांची एआयएम ही संघटना तेव्हा वितरकासह या लेबलांच्या मदतीसाठी पुढे आली. जळालेला माल कोणी परत आणू शकत नव्हते. आपल्यासाठी कोणीतरी टेबलाशी बसून आहे हे त्या लोकांना कळणे, हेच मला त्यातले मोठे काम वाटते.

मर्लिनची गोष्ट पैशांची आहे, तीही सांगावीशी वाटते. एकेका छोट्या लेबलला स्ट्रीमिंग कंपन्या दारात उभे करत नाहीत, म्हणून अनेकांनी मिळून करार करावेत यासाठी २००८ पासून ही संस्था काम करू लागली. स्पॉटिफाय कंपनीतला आपला मालकी हिस्सा तिने २०१८ मध्ये विकला, तेव्हा आलेली रक्कम सभासदांमध्ये वाटली गेली. उलट २०२४ मध्ये टिकटॉकने मर्लिनबरोबरचा करार पुढे न नेता लेबलांशी वेगवेगळे बोलायचे ठरवले, तेव्हा लहान लेबलांच्या मनात जी धाकधूक झाली ती मी समजू शकतो. एकट्याने बोलायला जाणे म्हणजे काय, हे वितरकाच्या त्या उत्तरांनी मला पुरेसे शिकवले होते.

या मोठ्या लढाया आणि आपला शुक्रवारचा फोन मला वेगळे वाटत नाहीत. न्यायालयात उभे राहणाऱ्या संघटनेत सभासदाला फोन करणारे कोणी नसेल, तर तिचे निकाल आमच्यापर्यंत कागदावरच येतील. माणसाला माणसासारखे उत्तर द्यावे, माहीत असेल ते सांगावे, नसेल तर नाही म्हणावे आणि पुन्हा कधी बोलू ते सांगून तो शब्द पाळावा, यासाठी कायदा लागत नाही, निधी लागत नाही, मोठे कार्यालयही लागत नाही. व्यवसायात असे वागणारी माणसे आजही आहेत. ती बहुधा कमी पगाराच्या जागांवर बसलेली असतात आणि त्यांच्या भरवशावर बाकीच्यांची प्रतिष्ठा उभी असते. आपल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी खर्च कमी करण्याचा विषय निघेल, तेव्हा सभासदांचे फोन घेणाऱ्या या कामाला हात लावू नये.

अल्बम आता पुन्हा सुरू आहे. कलाकारांच्या वाट्याचे पैसे पूर्ण पोहोचले आहेत आणि आमच्या त्या ज्येष्ठ वादकांनी या पत्रात आपला नमस्कार घालायला सांगितला आहे. त्यांच्या नव्या मुद्रणाचे काम आम्ही हाती घेतले आहे. मुखपृष्ठाच्या मागे आभाराच्या यादीत आपल्या संघटनेचे नाव येईल. आपले नाव न घालण्याचा शब्द मी तिथेही पाळणार आहे.

एक गोष्ट मात्र आपण नाकारू नये. मुदत संपलेल्या परवानगीमुळे मालकीचा वाद झालेला एखादा नवा सभासद आपल्याकडे आला, तर त्याला माझा क्रमांक द्यावा. कोणते करार आधी शोधायचे, आयएसआरसीच्या नोंदी तारखांसह कशा लावायच्या आणि मूळ फायलींचा पुरावा कसा मांडायचा, हे मी त्याच्याबरोबर बसून करीन. तेवढा आपला वेळ वाचेल, आणि त्याच्या प्रकरणात एखाद्या शुक्रवारी काही घडले नाही, तर तेही त्याला मीच फोन करून सांगेन.

आपला कृतज्ञ,
एका छोट्या स्वतंत्र लेबलचा चालक