आई-बाबा, वरची खोली राहू द्या

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "घे, तुझ्या आईशी बोल" म्हणून मोकळे होतात अन् आई गावातल्या लग्नांचं सांगायला लागते, तेवढ्यात रेंज जाते, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून दोघांनीही वाचा, आणि वाचून झालं की लगेच दादाला फोन लावून माझी तक्रार करू नका, त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

तर बाबा, यंदाच्या कापसाच्या पैशातून मागच्या स्लॅबवर एक खोली काढायची असं तुमचं पक्कं झालंय म्हणे, मिस्त्री येऊन मापंही घेऊन गेला. कारण काय, तर "दिवाळीले पोट्टे येतेत, झोपतीन कुठी?" आम्ही येऊन येऊन दिवाळीचे चार दिवस येतो हो, छपरीत गाद्या टाकून अर्ध्या रात्रीपर्यंत गप्पा हाणतो, पोरांना तर तेच पाहिजे असतं, त्यांना वर झोपवलं तर ती रात्रीतून खाली येतील. बाकीचं सगळं वर्ष त्या घरात तुम्ही दोघं राहता. आईला छपरीची पायरी उतरताना भिंत धरावी लागते, ती काय वर चढणार? आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला वरच्या खोलीत बसणार तरी कोण? दोन वर्षांत तिथं तुराट्या, फुटके ड्रम आणि बियाण्याच्या रिकाम्या थैल्या जाऊन बसतील, मला माहिती आहे ना आपलं घर.

पण खरं कारण वेगळंच आहे. न्हाणीच्या कोपऱ्यावरचा तो तडा पाहिलाय का नीट? मागच्या वेळी आले तेव्हा त्यात माझं बोट जात होतं. तुम्ही म्हणता दरवर्षी सिमेंट भरतो, आणि दरवर्षी उन्हाळ्यात तो परत उघडतो, पाऊस पडला की मिटल्यासारखा दिसतो. म्हणजे दुखणं भिंतीचं नाही, खालच्या मातीचं आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, एप्रिल-मेमध्ये वावरातल्या भेगांत हात घालून तुम्हीच दाखवायचे आम्हाला लहानपणी. तीच माती घराच्या जोत्याखाली पण आहे. आता त्या कोपऱ्यावर आईनं केळ लावली, न्हाणीचं सगळं पाणी बारा महिने तिला जातं, म्हणजे तिथली माती कायम फुगलेली, आणि पलीकडची दक्षिणेकडची बाजू उन्हाळाभर ठणठणीत कोरडी. भिंत एका बाजूनं उचलली जाते, दुसरीकडून खचते, मग मध्ये फाटणार नाही तर काय होईल. अशा भिंतीवर अजून एक मजल्याचं ओझं टाकणार तुम्ही? मिस्त्री हो म्हणेलच, त्याचं कामच आहे ते.

आई, केळीवर तुझा जीव आहे पण ती हलव. घरामागं सांदवाडीच्या टोकाला लाव, न्हाणीचं पाणी पाइपनं तिथपर्यंत नेऊ, केळही जगेल अन् भिंतही. आणि बाबा, घराच्या भोवती तीनेक फूट रुंद पट्टा मुरूम टाकून चांगला धुम्मस करून घ्या, वर फरशी, उतार बाहेरच्या बाजूला. समोरच्या कवेलूच्या छपराच्या पागोळ्या आत्ता सरळ जोत्यापाशी पडतात, तिथं टिनाची पन्हाळी लावली की पाणी नालीकडं जाईल. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात वाढला की नाही ते समजेल, अंदाजानं भांडत बसायला नको.

आता समोरचा भाग. कवेलू काढून टिन टाकू हा दादाचा हट्ट होता, तो मी मोडून काढलाय. टिनाखाली दुपारी बसून दाखव म्हटलं. कवेलू तापतात पण फटीतून गरम हवा निघून जाते, टिनाखाली नुसतं भाजून निघतं, आणि पाऊस आला की शेजारी बसलेल्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. वांदरांचं काय म्हणाल तर तेवढं खरंय, त्यांचा एक कळप उड्या मारत गेला की शंभरेक कवेलू फुटलेच समजा. पण म्हणून छतच बदलायचं का. कवेलू फेरणारे ते दोघं भाऊ अजून काम करतात ना, त्यांना आत्ताच सांगून ठेवा, रोहिणी लागली की अख्खं गाव त्यांच्या मागं असतं आणि ७ जूनला मृग म्हणजे हातात दिवस थोडेच उरतात. वरून पन्नी टाकून दगड ठेवायचा धंदा यंदा नको, पहिल्याच वावधनात ती लिंबाच्या झाडावर जाऊन अडकते. कवेलू उतरवले की त्याखालच्या सडक्या बत्त्या बदला, आणि छत पेलणाऱ्या मयालीचं टोक जिथं भिंतीत जातं तिथं पेचकसनं टोचून पाहा. सागवान आहे, काही होत नाही असं आपण म्हणतो पण उदई आतून पोखरत जाते, वरून लाकूड अगदी ठणठणीत दिसतं.

मागच्या स्लॅबला फक्त चुना मारायचा. चुना रात्रभर भिजवून, त्यात थोडं फेविकॉल घालून, दोन हात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पांढरा रंग ऊन परत फेकतो, खोली नक्की गार पडते, आणि आईला कुरड्या-मुगवड्या वाळवायला स्वच्छ जागा मिळते हा वरचा फायदा.

कूलरचं मात्र आजच करा, बाकी सगळं मागं-पुढं झालं तरी चालेल. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी पेपरात असतेच. आपला कूलर लोखंडी, फरशी ओली, आई अनवाणी, आणि कूलर चालू ठेवूनच बादलीनं पाणी ओतते. आई, आधी पिन काढायची, मग पाणी. बटन बंद करून भागत नाही, पिन काढायची. बोर्डावर एमसीबी लावलंय म्हणून बाबा निर्धास्त आहेत, पण एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तरच पडतं, माणसाला शॉक बसल्यावर ते पडेलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी वेगळं येतं, ३० मिलिअँपिअरचं, तेवढा करंट बाहेर गळला की क्षणात लाइन तोडतं. दोन हजारांच्या आसपास मिळेल, हिंगणघाटला कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. अर्थिंगचा खड्डा पण तपासून घ्या, उन्हाळ्यात तो सुकलेला असतो, पाणी टाकत जा. आणि पाऊस लागल्यावर कूलर तसाच भरलेला ठेवू नका, टाकी रिकामी करून आतून घासा, डेंगूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात, टाकी कोरडी झाली तरी मरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच तुम्हाला सगळ्यात कमी पटणार आहे. वरच्या खोलीचे पैसे न्हाणी-संडासात घाला. पावसाळ्यात रात्री आई एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन सांदवाडीतून चिखलातनं जाते, हे डोळ्यासमोर आलं की मला इथं पुण्यात झोप लागत नाही. मागच्या खोलीला लागूनच, घरातूनच दार, एवढंच पाहिजे. कमोड बसवा. बाबा नाक मुरडतील, माहीत आहे, पण गुडघ्याच्या माणसाला त्याशिवाय पर्याय नाही, आणि तुम्हीसुद्धा दोन वर्षांनी आईच्या आधी त्यावर बसाल, लिहून देते. शेजारी स्टीलची दांडी, ती विटांच्या भिंतीत पक्की रोवलेली, नुसती टाइलवर स्क्रू मारून लावलेली नको, जोर दिला की हातात येते. टाइल्स खरबरीत. उंबरठा नको. दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर दार आत ढकलता येत नाही, आणि कडी अशी की बाहेरूनही काढता यावी. रात्रीचा छोटा लाइट कायम चालू.

संडासाचा खड्डा कुठं घ्यायचा ते मिस्त्रीवर सोडू नका. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीतच नाही, मागच्या श्रावणात आपला भरून वर आला होता तो त्याच्यामुळंच. उताराच्या बाजूला मुरूम लागतो तिथं दोन खड्डे घ्या, एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दीड-दोन वर्ष बंद राहिला की त्याचं खत होतं. विहिरीपासून लांब. न्हाणीचा पायापण मुरूम लागेपर्यंत खोदायचा, नाहीतर तिथंही तोच तडा.

पण आत्ता मेमध्ये बांधकाम सुरू करू नका. स्लॅबला या उन्हात दहा-बारा दिवस सतत पाणी मारावं लागतं, आणि आपल्याला प्यायचं पाणीच दोन दिवसांआड येतं. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात. दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी आटोपली की नोव्हेंबरात काढू, मीही आठवडाभर सुटी टाकते. तोवर संडासाच्या वाटेवर फरशीचे तुकडे आणि एक बल्ब एवढं तरी मृगाच्या आधी करा.

मधल्या खोलीतला कापूस विका आता बाबा. भाव वाढेल म्हणून ठेवलाय, समजतं मला, पण आई अंग खाजवत बसते आणि वर लटकणारी वायर त्याच गंजीवर आहे. आणि पावसाळ्यात छपरीत खाली झोपू नका, सांदवाडीत विटा-कवेलू रचून ठेवलेत, तिथून मण्यार आत यायला काय वेळ. ती रात्रीच फिरते, झोपेत चावली तर कळतपण नाही. खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली.

आई, तुला समोरच्या खोलीत शेजारच्या काकूंसारख्या टाइल्स पाहिजेत, दादानं सांगितलं. त्या मी बसवून देणार, माझ्याकडून, त्यात बाबांनी पडायचं नाही. फक्त चकचकीत नको, पाय घसरतो. नमुने मोबाईलवर पाठवते, तू निवड. रंग पण तूच ठरव, फक्त तो गुलाबी सोडून.

वायरमनशी माझं बोलणं झालंय, सोमवारी सकाळी येतो म्हणाला, सामान त्यालाच आणायला सांगितलंय आणि पैसे पाठवून झालेत. बाबा, त्याला मागच्या वेळेसारखा चहा पाजून "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणून परत लावू नका.

तुमची,
ताई