छोट्या शाळांनी फ्लेक्सऐवजी वर्गाचे दार उघडावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडवा उलटला की आपल्या जळगाव-धुळे पट्ट्यातील तालुक्याच्या गावांमध्ये चौक, विजेचे खांब आणि बसस्थानकासमोरच्या भिंती शाळांच्या फ्लेक्सनी भरून जातात. 'प्रवेश सुरू', 'मोजक्याच जागा शिल्लक', 'डिजिटल वर्ग' आणि शेजारी टाय लावलेली गोरीगोमटी मुले (ही मुले खानदेशातली नसतात, छपाईवाल्याच्या संगणकातली असतात) असा सगळीकडे एकच थाट असतो. आपल्या दैनिकातही या दिवसांत अशा जाहिराती असतात आणि मोठ्या संस्थांना तो खर्च पेलतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहितो आहे ते शंभर-दीडशेच्या पटावर चालणाऱ्या, मागे कोणी पुढारी किंवा साखळी-संस्था नसलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयी. अशाच एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी काम करतो.

या शाळांची ओढाताण खरी आहे. अनुदान नाही, शिक्षण हक्क कायद्यानुसार 25 टक्के जागांवर घेतलेल्या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर येत नाही, त्यामुळे पगार सर्वस्वी शुल्क भरणाऱ्या पालकांवर अवलंबून राहतात आणि पहिलीचा पट दहाने घसरला तरी वर्षाचे गणित कोलमडते. मग मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात शिक्षिकांना पत्रके देऊन दारोदार पाठवले जाते. काही ठिकाणी तर प्रत्येकीने इतके प्रवेश आणलेच पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरवून त्यावर पुढच्या वर्षीची नेमणूक टांगून ठेवतात. हे अन्यायाचे आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. दारात उभ्या असलेल्या घामाघूम बाईंकडे पाहून पालकांच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की यांच्या शाळेला मुले मिळत नाहीत की काय!

खानदेशात शाळेची खरी प्रसिद्धी होते ती आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. माहेरी आलेल्या लेकी झोक्यापाशी जमतात तेव्हा कोणाचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, तिथे मारतात का, व्हॅनवाला मुलांना किती कोंबतो, वर्षात किती बाई बदलल्या, या सगळ्याची उजळणी होते. अमळनेरची बहीण पारोळ्याच्या बहिणीला जे सांगते, त्यापुढे चाळीस फुटी फ्लेक्सही फिका पडतो. आमच्याकडे प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या एका आजींनी रंगीत माहितीपत्रक न उघडताच बाजूला ठेवले आणि विचारले, "गुरजी, वर्गमा शिकाडस कोन?" त्यांना उत्तर देणे सोपे गेले, कारण पहिलीच्या बाई अनेक वर्षे त्याच वर्गावर आहेत. ज्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे शिक्षक बदलतात, तिने काय सांगावे? फ्लेक्स, रिक्षावरचा भोंगा आणि भाड्याचा मंडप यांवर जाणारी रक्कम शिक्षकांच्या पगारात घातली, तर याच प्रश्नाचे उत्तर विकत घेतल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट वर्ग उघडा ठेवण्याची. स्नेहसंमेलनाला पालकांना बोलावणे सोपे असते, पण नाचावरून शिकवण्याची पारख होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या तासाला इच्छुक पालकांना मागच्या बाकावर बसू द्यावे. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. तसाच एखादा उतारा आलेल्या पालकांनीच निवडावा आणि आपल्या तिसरीच्या मुलांना वाचायला सांगावे. चार मुले अडखळतील, अडखळू द्यावीत. बाई त्यांना कसे सावरून घेतात, हेच तर पालकांना पाहायचे असते. आणि त्यांच्याशी बोलताना अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोलावे. कापूस वेचून आलेल्या आईला इंग्रजी फॉर्मपुढे बसवून तिचा अवमान करणाऱ्या शाळेत ती मूल का घालील?

प्रवेशापूर्वी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्याची जी हौस काही शाळांना आहे, तिच्याबद्दल एवढेच सांगतो की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार असा कोणताही चाळणीचा प्रकार दंडास पात्र आहे.

शुल्काबाबत मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शुल्क शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागते आणि मंजूर शुल्क सूचनाफलकावर लावावे लागते. प्रत्यक्षात पालकाला जूनमध्ये एक आकडा सांगतात आणि पुढे गणवेश, वह्या, व्हॅन, सहल, 'अ‍ॅक्टिव्हिटी' अशी पुरवणी वर्षभर निघत राहते. छोट्या शाळेने वर्षाचा एकूण खर्च एकाच कागदावर लिहून द्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हप्ते शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो त्या वेळेला जुळवावेत. जूनमध्ये बियाणे आणि खतांसाठी उसनवारी चालू असते आणि नेमका तेव्हाच शाळेचा मोठा हप्ता येतो. कोरडवाहू कपाशीवाल्याचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे, वेचणी आणि विक्री झाल्यावर येतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याचा हिशेब वेगळा, नोकरदाराचा त्याहून वेगळा. जूनमध्ये थोडे आणि डिसेंबरमध्ये जास्त, अशी सोय आम्ही देऊ लागल्यापासून थकबाकी कमी झाली आणि एका घरातून दुसरे मूलही येऊ लागले. कोणत्याही जाहिरात संस्थेने हा उपाय आम्हाला सुचवला नव्हता.

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत असताना वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. प्रसिद्धी हा त्यांचा हेतू नव्हता. पण शाळेत काय चालले आहे हे रोज लिहून सांगण्याची ती रीत आजच्या छोट्या शाळेला सहज जमण्यासारखी आहे. आठवड्याला एक पान पुरे: कोणत्या वर्गात काय शिकवले, कोणता प्रयोग फसला, वाचनालयात काय आले. ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले की पुढे आपोआप फिरते. मुलांची छायाचित्रे मात्र पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. गुणांच्या आकड्यासह चौकात टांगलेला मुलाचा चेहरा ही शाळेची मालमत्ता नव्हे.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या प्रवेश पुरवणीत प्रत्येक शाळेसाठी एक साधी चौकट असावी: शासनमान्यतेचा क्रमांक, वर्षाचे एकूण शुल्क, प्रत्येक वर्गाचा पट, आणि शिक्षकांची पात्रता व त्याच शाळेतील सेवेची वर्षे. या चौकटीसाठी जाहिरातीचा दर आकारला तरी चालेल. आमची शाळा पहिल्याच वर्षी ती भरून देईल.

आपला,
एका छोट्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य,
पारोळा, जि. जळगाव